टोनी चुकीच्या नाटकाला गेला, म्हणजे नेमकं कुठे चुकलं?

१९६० सालच्या टोनी पुरस्कारांवरून अमेरिकेतले नाट्यवेडे अजून भांडतात. त्या वर्षी ‘जिप्सी’ला आठ नामांकनं होती आणि हाती आला भोपळा. सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा मान ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणि ‘फिओरेलो!’ या दोघांत विभागून गेला. म्हणजे पाटावर दोन जागा असूनही ‘जिप्सी’ उभीच राहिली. पोरींना रंगमंचावर पुढे ढकलण्यासाठी जिवाचं रान करणारी आई, रोझ, ही भूमिका एथेल मर्मननं उभी केली होती. अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला ‘साउंड ऑफ म्युझिक’मध्ये मठातली होतकरू नन झालेल्या मेरी मार्टिनला. ननपुढे आपला कुठून निभाव लागणार, अशा अर्थाचं काहीतरी मर्मनबाई तेव्हा बोलल्या, असं सांगतात.

पुढचा भाग जास्त मजेशीर आहे. ‘जिप्सी’ पुन्हा पुन्हा रंगमंचावर आलं आणि तीच रोझ साकारून १९७५ मध्ये अँजेला लान्सबरीला, १९९० मध्ये टाइन डेलीला आणि २००८ मध्ये पॅटी लुपोनला टोनी मिळाला. जिनं वाट पाडली ती कोरडी, मागून आलेल्या तिघी मानकरी. २०२४ च्या अखेरीस ऑड्रा मॅकडोनाल्ड रोझ झाली. अभिनयाचे सहा टोनी आधीच घरात असलेली ही बाई, कलाकारांमध्ये तो विक्रमच आहे. २०२५ च्या टोनीत ती हरली, ‘सनसेट बुलेव्हार्ड’च्या निकोल शर्झिंगरकडून, आणि भांडण पुन्हा पेटलं.

असली भांडणं मला मनापासून आवडतात. पण त्यात एक घोळ नेहमी असतो. ‘अन्याय झाला’ म्हणणारा माणूस तो कुणी केला हे क्वचितच सांगतो. टोनीच्या निकालामागे निदान चार-पाच वेगवेगळे हात असतात आणि प्रत्येकाची चूक करण्याची तऱ्हा निराळी. ती यंत्रणा समजून घेतली तर निम्मे वाद सुटतात. उरलेले निम्मे जास्त रंगतदार होतात.

आधी मैदान किती मोठं ते पाहू. टोनी हे न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेचे पुरस्कार आहेत, अख्ख्या अमेरिकेच्या रंगभूमीचे नाहीत. १९४७ पासून ते दिले जातात. अँटोनेट पेरी या दिग्दर्शिका-निर्मातीच्या लाडक्या नावावरून ‘टोनी’. ‘अमेरिकन थिएटर विंग’ आणि ब्रॉडवेच्या निर्माते-थिएटरमालकांची ‘ब्रॉडवे लीग’ मिळून ते चालवतात. मॅनहॅटनमधल्या ठरावीक ४१ नाट्यगृहांत, जिथे किमान ५०० खुर्च्या आहेत, तिथे झालेलं नाटकच शर्यतीत येतं. ४९९ खुर्च्यांच्या नाट्यगृहात तुम्ही जगातलं सर्वोत्तम नाटक केलंत तरी टोनीच्या लेखी ते घडलेलंच नसतं. शिकागो शहरातलं किंवा सिअॅटलमधलं नाटक तर फारच लांब राहिलं. तेव्हा ‘त्याला साधं नामांकनही नाही!’ असं कुणी म्हणालं, की आधी ते नाटक ब्रॉडवेवर होतं का, हे विचारावं.

नामांकनं ठरवते एक समिती. रंगभूमीवरची काही डझन जाणती माणसं, ज्यांचा त्या हंगामातल्या नाटकांत पैसा किंवा नोकरी गुंतलेली नसावी अशी अपेक्षा असते. त्यांनी झाडून सगळी नाटकं बघायची असतात. विजेता मात्र ही समिती निवडत नाही. त्यासाठी ८०० हून जास्त मतदार असतात: निर्माते, नट, दिग्दर्शक, लेखक, नेपथ्यकार, थिएटरमालक, आणि अमेरिकाभर ब्रॉडवेची नाटकं दौऱ्यावर नेऊन लावणारे व्यवस्थापक. ज्या गटात मत द्यायचं त्यातली सगळी नामांकित नाटकं मतदारानं पाहिलेली असावीत, असा नियम आहे.

त्यामुळे तक्रारीचे दोन कप्पे पहिल्याच फटक्यात वेगळे होतात. नामांकनच हुकलं असेल तर दोष मूठभर लोकांच्या समितीचा. नामांकन मिळून पुरस्कार हुकला असेल, तर तो त्या आठशेंच्या गर्दीचा.

समितीनं केलेले प्रकार जास्त चमत्कारिक असतात, कारण माणसं थोडी असली की आवडीनिवडी टोकदार होतात. १९९६ मध्ये ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ला एकच नामांकन मिळालं, तेही ज्युली अँड्र्यूजला. बाकी नटसंच, दिग्दर्शक, संगीतकार, सगळे बाहेर. अँड्र्यूजबाईंनी एका दुपारच्या प्रयोगानंतर रंगमंचावरूनच जाहीर केलं, की माझ्या माणसांना डावललं आहे, मी त्यांच्याबरोबरच उभी राहीन, मला हे नामांकन नको. त्यांना आजवर नाटकातल्या भूमिकेसाठी टोनी मिळालेला नाही. ‘माय फेअर लेडी’साठीही नाही! माझ्या मते हा सगळ्या यादीतला सगळ्यात अविश्वसनीय तपशील आहे.

त्याहून कठोर उदाहरण २०२० च्या हंगामाचं. करोनामुळे मार्चमध्ये ब्रॉडवे बंद पडला, पात्रतेची तारीख मागे घेऊन १९ फेब्रुवारी केली गेली आणि शर्यतीत उरल्या फक्त चार नव्या म्युझिकल. त्यातल्या तिघांना सर्वोत्कृष्ट म्युझिकलचं नामांकन मिळालं. चौथी, ‘द लाइटनिंग थीफ’, हिला कुठल्याच गटात काही नाही. आता मेख अशी, की त्या तिन्ही म्युझिकलमध्ये आधीपासून लोकप्रिय असलेली गाणी वापरलेली होती. नाटकासाठी नवी गाणी रचलेली म्युझिकल होती ती फक्त ही चौथी. मग नव्या संगीताच्या गटात समितीनं काय करावं? गद्य नाटकांच्या पार्श्वसंगीताला पाचही नामांकनं देऊन टाकली. पुरस्कार गेला ‘अ ख्रिसमस कॅरल’ या नाटकाला. ‘लाइटनिंग थीफ’ फार थोर होती असं माझं म्हणणं नाही. पौराणिक देवांच्या कथेवरची पोरासोरांसाठीची साधी, हौशी म्युझिकल होती ती. पण एवढ्या मोकळ्या मैदानातही तिला रांगेत उभं न करणं ही समितीची ठरवून दाखवलेली नापसंती होती. तिला दुसरं नाव नाही.

आता आठशेंकडे येऊ. इथे हेतूपेक्षा गणित जास्त काम करतं. मतदार प्रत्येक गटात एका नावावर खूण करतो, ज्याला सर्वाधिक खुणा तो जिंकला. निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत. आपल्या नगरसेवकाच्या निवडणुकीसारखंच. समजा पाच नाटकं आहेत आणि ८०० मतं पडली. त्यांची वाटणी २००, १८०, १६०, १४० आणि १२० अशी झाली तर २०० वालं नाटक सर्वोत्कृष्ट ठरतं. बाकीच्या ६०० जणांनी ते निवडलेलंच नाही. कदाचित त्यातल्या निम्म्यांना ते अजिबात आवडलेलं नसेल. मतपत्रिकेवर नावड नोंदवायला जागा नसते. तेव्हा एका गटाला अतिशय प्रिय आणि बाकीच्यांना नकोसं असलेलं नाटक जिंकू शकतं, आणि सगळ्यांना दुसऱ्या क्रमांकाचं वाटणारं चांगलं नाटक शेवटून पहिलं येऊ शकतं. १८० आणि २०० मधला फरक आपल्याला कधी कळतही नाही, कारण टोनीत कुणाला किती मतं पडली हे जाहीर करत नाहीत. वीस मतांनी हुकलेलं नाटक आणि दोनशे मतांनी आपटलेलं नाटक बाहेरून अगदी सारखं दिसतं. ‘मतदारांनी नाकारलं’ हे वाक्य म्हणूनच मला जपून वापरावंसं वाटतं.

मतदार कोण, हा प्रश्न गणिताइतकाच महत्त्वाचा. दौरे लावणाऱ्या व्यवस्थापकांचं एक मोठं टोळकं या आठशेंमध्ये आहे. क्लीव्हलंड किंवा डेन्व्हरच्या दोन-अडीच हजार खुर्च्या काय भरेल, याकडे त्यांचं लक्ष असणारच. सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा शिक्का लागला, की गावोगावी तिकीटखिडकीवर रांग लागते. निर्मात्यांचे तर स्वतःचे पैसे शर्यतीत असू शकतात. पूर्वी पत्रकार-समीक्षकांनाही मोठ्या संख्येनं मत होतं. २००९ मध्ये ते काढून घेतलं गेलं. ज्यावर लिहायचं त्यालाच मत देणं योग्य नाही, असा मुद्दा होता. ओरड झाल्यावर न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाच्या सदस्यांना तो हक्क परत मिळाला. खरं तर ज्यांचा पैसा अडकलेला नाही असे मतदार मुळातच कमी, आणि त्यांनाच आधी बाहेर काढलं, यावर मी त्या वेळच्या टीकाकारांच्या बाजूचा आहे.

पण धंदेवाले मतदार म्हणजे धंद्याचाच निकाल, हे सरळ समीकरणही टिकत नाही. २००४ ची शर्यत बघा. एकीकडे ‘विकेड’: हिरव्या चेटकिणीची भव्य, खर्चिक कथा, तिकीटखिडकीवर गर्दी खेचणारी. दुसरीकडे ‘अॅव्हेन्यू क्यू’: हातात बाहुल्या घेतलेले मोजके नट, बेकारी आणि भाडं न परवडण्यावरची चावट गाणी. ‘अॅव्हेन्यू क्यू’च्या लोकांनी ‘मनाला विचारून मत द्या’ अशा थाटाची प्रचारमोहीम काढली. ऐन निवडणुकीचं वर्ष असल्यानं ती झकास जमली. आणि छोटं नाटक जिंकलं! त्यानंतर निर्मात्यांनी जाहीर केलं की आम्ही दौऱ्यावर येणार नाही, लास व्हेगासला मुक्काम ठोकणार. ज्या दौरेवाल्यांनी आता आपल्या गावात हे नाटक येईल म्हणून मतं दिली होती, त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हेगासचा मुक्काम वर्षभरही टिकला नाही. ‘विकेड’ मात्र २००३ पासून त्याच नाट्यगृहात चालू आहे. या निकालाला लोक आजही चुकीचा म्हणतात, मला तो बरोबर वाटतो. नाटकाची संहिता, गाणी आणि नेमकेपणा यांत ‘अॅव्हेन्यू क्यू’ सरस होतं. किती वर्षं चाललं हा निकष धरायचा तर पुरस्कार कशाला द्यायचे, गल्ल्याचा कागदच वाचून दाखवावा.

मग येतं कॅलेंडर, ज्याला दोष देणं कुणालाच सुचत नाही. हंगाम एप्रिलच्या शेवटाला बंद होतो, म्हणून निर्माते मार्च-एप्रिलमध्ये गर्दी करतात. मतदाराच्या डोक्यात ताजं असलं की बरं. ऑक्टोबरात उघडून जानेवारीत बंद पडलेल्या नाटकाला पुन्हा पाहता येत नाही, त्याची जाहिरात करणारंही कुणी उरत नाही. तुम्ही कुठल्या वर्षी उभे राहता, यावर तर सगळंच ठरतं. ‘हॅमिल्टन’ २०१५ च्या फेब्रुवारीत ब्रॉडवेबाहेरच्या ‘पब्लिक थिएटर’मध्ये आलं तेव्हाच गाजलं होतं. एप्रिलच्या मुदतीआधी ते ब्रॉडवेवर न्यावं का, अशी चर्चा होती. नेलं ऑगस्टमध्ये. त्यामुळे २०१५ चा मान ‘फन होम’ या छोट्या, नाजूक म्युझिकलला मिळाला. एका चित्रकथाकार मुलीच्या आणि तिच्या वडिलांच्या नात्याची ती गोष्ट. ‘हॅमिल्टन’नं चार महिने घाई केली असती तर? ‘फन होम’ तेवढंच चांगलं राहिलं असतं, पण आज कदाचित ‘डावललेल्या’ यादीत असतं. याउलट २०१६ मध्ये ‘हॅमिल्टन’समोर जे आले ते सगळे भुईसपाट झाले. ‘शफल अलाँग’ला दहा नामांकनं, पुरस्कार शून्य. ‘वेट्रेस’, ‘ब्राइट स्टार’ आणि ‘स्कूल ऑफ रॉक’, तिघींचीही झोळी रिकामी. हे कुणाचंच पाप नाही.

उलटंही होतं. १९९५ मध्ये नव्या म्युझिकलचा इतका दुष्काळ होता, की संहिता आणि संगीत या दोन्ही गटांत ‘सनसेट बुलेव्हार्ड’ एकटंच उभं होतं. दोन्ही पुरस्कार त्यालाच गेले. म्युझिकलमधल्या प्रमुख अभिनेत्रीच्या गटात त्या वर्षी दोनच नावं होती. जिंकलेल्या ग्लेन क्लोजचं काम उत्तम होतंच, तरी पाचांत पहिलं येणं आणि दोघींत पहिलं येणं यात फरक आहे. ट्रॉफीवर तो कोरलेला नसतो.

नियमपुस्तकाचे चाळे थोडक्यात सांगतो. प्रमुख भूमिका कोणती आणि साहाय्यक कोणती, हे भूमिकेच्या लांबीवर ठरत नाही. नटाचं नाव जाहिरातीत नाटकाच्या नावाच्या वर असेल तर तो प्रमुख, खाली असेल तर साहाय्यक. बदल हवा असल्यास निर्माते अर्ज करतात आणि प्रशासकीय समिती निवाडा देते. म्हणून कधी कधी वाघ शेळ्यांच्या गटात जाऊन बसतो. ‘हॅमिल्टन’मध्ये लेखक आणि नायक असलेला लिन-मॅन्युएल मिरांडा आणि त्या नायकाला गोळी घालणाऱ्या ‘बर’ या पात्राची भूमिका करणारा लेस्ली ओडम, दोघे एकाच गटात आले. गोळी घालणारा तिथेही जिंकला. ‘साउंड ऑफ म्युझिक’च्या वेळी तर सातही मुलांना मिळून एकच नामांकन दिलं होतं, तेही साहाय्यक अभिनेत्रीच्या गटात. त्यात मुलगेही होते! आणि २००० साली ‘कॉन्टॅक्ट’ सर्वोत्कृष्ट म्युझिकल ठरलं, ज्यात पात्रं गात नाहीत, आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या संगीतावर नाचतात. वादकांच्या संघटनेचा पारा चढला. पुढल्याच वर्षी अशा प्रयोगांसाठी वेगळा गट निघाला. नृत्य म्हणून ‘कॉन्टॅक्ट’ अव्वल होतं, पण म्युझिकल? मला तो निकाल अयोग्यच वाटतो.

शेवटचा हात आपला स्वतःचा, म्हणजे मागाहून शहाण्या झालेल्या प्रेक्षकांचा. १९७६ मध्ये ‘शिकागो’ला ११ नामांकनं होती आणि एकही पुरस्कार मिळाला नाही, ‘अ कोरस लाइन’नं ९ नेले. आज हे ऐकून लोक हळहळतात, कारण १९९६ मध्ये परत आलेलं ‘शिकागो’ अजून चालू आहे. पण पहिल्या वेळचं ‘शिकागो’ बऱ्याच जणांना कडवट आणि थंड वाटलं होतं. खुनी बायका, विकाऊ वकील, तमाशा करणारी वर्तमानपत्रं. वीस वर्षांनी माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनचा खुनाचा खटला घरोघरी टीव्हीवर पाहिलेल्या अमेरिकेला तीच गोष्ट एकदम ओळखीची वाटली. नाटक तेच, बघणारे बदलले. शिवाय ‘कोरस लाइन’ हे काही लेचंपेचं नाटक नव्हतं. मागच्या रांगेत नाचणाऱ्यांना पुढे आणून त्यांचं आयुष्य बोलायला लावणारं, ६ हजारांहून जास्त प्रयोग झालेलं काम आहे ते. इथे अन्याय वगैरे मला दिसत नाही. एका वर्षी दोन मोठी नाटकं आली, इतकंच.

‘वेस्ट साइड स्टोरी’ १९५८ मध्ये ‘द म्युझिक मॅन’कडून हरलं, यावर गळा काढणाऱ्यांबद्दलही माझी अशीच शंका आहे. यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असतो तो दहा ऑस्कर मिळवलेला १९६१ चा चित्रपट. नाट्यगृहात काय दिसलं होतं ते नाटकाबरोबर विरून जातं. पुस्तक पुन्हा उघडता येतं, सिनेमा पुन्हा लावता येतो. नाटकाच्या पुरस्काराची फेरतपासणी होत नाही, कारण पुरावाच शिल्लक नसतो.

‘जिप्सी’चं काय, मग? तिथे माझं मत बदलत नाही. ‘साउंड ऑफ म्युझिक’ प्रेमळ आहे, गाणी अजरामर आहेत, पण मंचावर काय धाडस करता येतं हे ‘जिप्सी’नं दाखवलं. त्या वेळच्या मतदारांनी गोडव्याला मत दिलं.

पैशाचं बोलायचं तर अलीकडे एक नवी गोष्ट दिसते आहे. २०२५ मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलनहॉल यांचं ‘ऑथेल्लो’ आलं. तिकीट ९२१ डॉलरपर्यंत, एका आठवड्याचा गल्ला २८ लाख डॉलरच्या घरात. टोनीची नामांकनं जाहीर झाली तेव्हा एकही नाही. समितीनं त्यापेक्षा ‘यलो फेस’ आणि ‘युरेका डे’सारखी नाटकं पसंत केली आणि ‘युरेका डे’ पुनरुज्जीवित नाटकांत जिंकलं. ‘ऑथेल्लो’ला त्यानं फरक पडला नाही, खुर्च्या आधीच विकल्या गेल्या होत्या. ज्यांना टोनीशिवाय जूनअखेर गाशा गुंडाळावा लागतो, अशा बिनताऱ्यांच्या नाटकांसाठी मात्र नामांकन हा प्राणवायू असतो. सिनेताऱ्याला डावललं म्हणून ओरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

एक शेवटचा प्रश्न उरतो: कुणीच लायक नसेल तर? आपल्याकडे याचं उत्तर झालंय देऊन. पुण्यातल्या ‘पुरुषोत्तम करंडक’ या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत, जी महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून घेते, २०२२ च्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! पोरांची उमेद खचेल असं एक बाजू म्हणाली, दर्जाची रेघ कुणीतरी ओढायलाच हवी असं दुसरी. एकत्र बसून सगळ्या एकांकिका पाहणाऱ्या आणि आपसात वाद घालणाऱ्या परीक्षकांना असा निर्णय घेता येतो. एकमेकांना न भेटणाऱ्या आठशे मतदारांना तो घेता येत नाही, त्यांच्या बेरजेतून कुणीतरी पहिला येतोच.

टोनीच्या नियमांत याला जवळ जाणारी एकच फट मला ठाऊक आहे. ती त्याच करोनाच्या हंगामात दिसली. म्युझिकलमधल्या प्रमुख नटाच्या गटात समितीनं एकच नाव दिलं: ‘मुलाँ रूज’चा अॅरन टीव्हिट. स्पर्धक नाही म्हणून पुरस्कार आपोआप मिळणार नव्हता. त्या गटातल्या मतदारांपैकी ६० टक्क्यांनी ‘हो, द्या’ म्हणणं आवश्यक होतं. त्यांनी म्हटलं आणि टीव्हिट रडत रडत मंचावर गेला. किती टक्क्यांनी म्हटलं, ते नेहमीप्रमाणे जाहीर झालं नाही.